दारावरचा ताईत

दाराच्या चौकटीतला वरचा खिळा निघाला, पण खालचा काही केल्या निघेना. मी पक्कड घेऊन स्टुलावर उभा होतो आणि खाली हसनभाई मुकादम हात मागे बांधून माझ्याकडे बघत होते. सारं आयुष्य समुद्रात मचव्यावर तांडेलकी केलेला माणूस तो. माझे हात त्यांना बघवत नव्हते.

“टिपणीस, उतरा खाली. पुस्तकाचं पान आहे का ते, असं नाजूक धरून निघायला?”

मी उतरलो. ते चढले, एका हिसक्यात खिळा काढला आणि बोटाएवढी एक डबी माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यावर रंगाचे इतके थर बसले होते, की आत पितळ आहे हे कोपरा खरवडल्यावरच कळलं. दर ईदला दाराला रंग लागे आणि त्याबरोबर डबीलाही.

“चार दिवसांनी परत हवा,” खतीजाभाभी आतून म्हणाल्या. “घराचा ताईत आहे तो. कागदावर तसंच लिहा. ताईत.”

“लिहितो, भाभी.”

“आणि उघडूबिघडू नका,” हसनभाई म्हणाले. “ताईत उघडला की उतरतो, म्हणतात.”

मी मान डोलावली आणि मनात हसलो. ती वस्तू काय आहे हे मला ठाऊक होतं. चार माणसांत बसलो की बाकीच्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, असंच मला जन्मभर वाटत आलंय. त्या दिवशी मात्र पहिल्यांदाच वाटलं, की इथं खरं काय ते एकट्या मलाच कळलंय. ती चव मला मानवली नाही.

गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीतली. मी खारशेतच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. गाव खाडीकाठी, लहान. मुंबईच्या दंगलीला वर्ष होऊन गेलं होतं. आमच्याकडे काही झालं नव्हतं, पण बाजारात माणसं एकमेकांशी जरा जास्तच जपून बोलायला लागली होती. शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षिका कुंदाबाई राऊत एक दिवस वाचनालयात आल्या आणि म्हणाल्या, “टिपणीस, तुमचं दालन चार दिवस मला द्या. प्रदर्शन भरवायचंय. आमची दारं.”

कल्पना साधी होती. गावातल्या ज्या घराला वाटेल त्या घराने आपल्या दाराचं चित्र काढायचं. चित्रकाराने नव्हे, घरच्याच कुणीतरी. आणि दारावर जे बांधलेलं, खिळलेलं, चिकटवलेलं असेल ते चित्राखाली टेबलावर ठेवायचं. बघता बघता चाळीस चित्रं आली. आंब्याच्या वाळक्या पानांचं तोरण आलं. झावळीच्या पात्याचा क्रूस आला, पाच रंगांच्या पंचशील झेंड्याची पट्टी आली, बिब्बा आणि मिरच्या आल्या, फ्रेममधली कुराणाची आयत आली. वामन कोळ्याने तर सुकलेला माशाचा जबडा आणला. “हा कुठल्या देवाचा?” असं कुंदाबाईंनी विचारलं, तर म्हणाला, “देवाचा नाय बाई, माज्या आज्याचा. त्यानं पकडला व्हता.”

प्रत्येक वस्तूशेजारी एक कार्ड असणार होतं, आणि ते लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर बरं आहे. बोरूने लिहायची सवय मी सोडली नव्हती. कुंदाबाईंनी एकच नियम घातला होता.

“घरची माणसं सांगतील तेच लिहायचं. त्यांच्या शब्दांत. तुम्ही फक्त लिहिणार, टिपणीस. सुधारणार नाही.”

एकोणचाळीस कार्डांना मी तो नियम पाळला.

मुकादमांचं घर इस्राएल आळीत होतं. आळीचं नाव तेवढं उरलं होतं, इस्राएली, म्हणजे ज्यू, कुटुंबं केव्हाच गेली होती. शेवटचे शालोम चेऊलकर. चौसष्ट साली घर हसनभाईंना विकून ते बायकामुलांसह बोटीने इस्राएलला गेले. ही डबी त्यांच्याच वेळची. मी जाता-येता कितीदा तरी ती बघितली होती. दुपारी वाचनालय बंद असताना मी ज्ञानकोशाचा खंड काढला, चित्राशी ताडून पाहिलं, आणि मग राहवेना म्हणून पेन्सिल तासायच्या पात्याने डबीची मागची पट्टी सरकवली. आत चामड्याची घट्ट गुंडाळी होती. तिच्यावर बारीक, काळ्या, चौकोनी अक्षरांच्या ओळी. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण अंगावर काटा आला. कार्ड मी त्या दिवशी सगळ्यांत सुरेख लिहिलं.

‘मेझुझा. बेने इस्राएल कुटुंबे हा आपल्या दाराच्या चौकटीवर लावतात. आत चामड्यावर हिब्रू प्रार्थना लिहिलेली असते. मूळ घर चेऊलकर यांचे, सध्या मुकादम यांचे.’

कुंदाबाईंनी दोरीवर चित्रं अडकवता अडकवता ते वाचलं.

“हे मुकादमांनी सांगितलं?”

“हे खरं आहे,” मी म्हणालो.

“मी ते नाही विचारलं.”

“बदलतो,” मी म्हणालो. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या पुढे बोलल्या नाहीत. आणि मी बदललं नाही. डबी एका बाजूला, गुंडाळी कापसावर दुसऱ्या बाजूला, पलीकडच्या कोपऱ्यात कार्ड, असं सगळं काचेच्या जड झाकणाखाली मांडून ठेवलं.

उद्घाटन शनिवारी चार वाजता होतं. जिल्ह्याच्या गावाहून प्राध्यापक गोगटे येणार होते, इतिहासाचे. साडेतीनच्या सुमाराला खतीजाभाभी एकट्याच आल्या. आधी आपल्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. रंगीत खडूंनी त्यांनी हिरवं दार काढलं होतं, शेजारी पिवळी डबी, आणि उंबऱ्याबाहेर चपलांचे दोन जोड.

“छान आलंय, भाभी,” मी म्हणालो.

“काय छान! पायऱ्या बघा, कोंबडीला चढायला केल्यात जशा.” त्या हसल्या, डोक्यावरचा पदर सारखा करून टेबलाकडे वळल्या आणि ओठ हलवत कार्ड वाचू लागल्या. हसू कधी गेलं ते मला कळलं नाही.

“भाऊ, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“पुस्तकात आहे. म्हणजे तुम्हाला ठाऊक नसेल, पण हा ताईत नाही. हा खरं तर...”

“मला ठाऊक नसेल?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचा शब्द गिळला. “चेऊलकरांची रिबेका आणि मी मराठी शाळेत एका बाकावर होतो. हे दार मी लग्नाआधी दहा वर्षं ओलांडलंय. त्या चपला कुणाच्या वाटल्या तुम्हाला? एक जोड माझा, एक तिचा.”

मी पुन्हा चित्रातल्या चपलांकडे बघितलं.

“जाताना त्यांनी सगळं काढलं. दिवा, भांडी, पाळणा. हे काढायला तिचा बाप स्टुलावर चढला, तर रिबेका त्याचा सदरा धरून म्हणाली, बाबा, राहू दे, खतीजा राहणार आहे ना इथं. मग मला म्हणाली, जाता-येता हात लावत जा, मी आहे असं समज.” त्यांचा आवाज खाली गेला. “तेव्हा माझी सासू होती. तिला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी खाडीत गेलं असतं. मी म्हटलं, ताईत आहे, घराला लाभतो. तिनेच पहिला हात लावला.”

“आणि हसनभाईंना?”

“त्यांनाही तेच. तीस वर्षांत त्या माणसाशी एवढं एकच खोटं बोलले मी. वर्षावर वर्षं गेली, मग आता सांगायचं तरी कसं? आणि आता येतायत ते, मोठ्या दिरांना घेऊन.”

मोठे दीर म्हणजे इब्राहिमभाई. मुंबईत त्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं, ते जळलं. तेव्हापासून ते खारशेतलाच भावाकडे होते, आणि घराबाहेर फारसे पडत नसत.

“पहिले तीन महिने उंबरा ओलांडला नाही त्यांनी,” भाभी म्हणाल्या. “मग एक दिवस माझं बघून त्या डबीला हात लावला आणि बाजारापर्यंत जाऊन आले. आता रोज लावतात. म्हणतात, खतीजा, माझ्या दुकानाला असा एखादा हवा होता. त्या माणसाला मी आज काय सांगू? की भाऊजी, मी तुम्हाला फसवलं?” त्यांनी काचेवर हात ठेवला. “काढा ते कार्ड, भाऊ. तुमच्या पाया पडते.”

“पाया काय, भाभी... काढतो. आत्ता काढतो.”

झाकण एकट्याने उचलण्यासारखं नव्हतं. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. हात आत घालून मी आधी गुंडाळी घेतली. तीच सगळं बोलून टाकणारी होती. ती सदऱ्याच्या खिशात टाकली. कार्ड पलीकडच्या कोपऱ्यात होतं, बोटं तिथं पोचेनात. तेवढ्यात दारात पावलं वाजली, “या सर, या या,” असा आमच्या अध्यक्षांचा आवाज आला, आणि खतीजाभाभींनी दचकून झाकण सोडलं. मी कसाबसा हात बाहेर ओढला.

समई लागली. हार झाला. मी भिंतीशी उभा राहून त्या कार्डाकडे बघत होतो. हसनभाई आणि इब्राहिमभाई मागच्या रांगेत होते. इब्राहिमभाई बारीक, पांढऱ्या दाढीचे, सदऱ्याची बाही सारखी खाली ओढत असत. भाषण आटोपून गोगटे चित्रं बघायला निघाले आणि सगळी मंडळी त्यांच्या मागून सरकू लागली. प्रत्येक कार्ड ते मोठ्याने वाचत, मग दोन वाक्यं त्यावर बोलत. माशाच्या जबड्याशी हशा झाला. झावळीच्या क्रुसाशी ते पोर्तुगीजांवर बोलले. मुकादमांचं चित्र पुढचंच होतं.

“तुझं ना गं?” इब्राहिमभाईंनी भाभींना विचारलं आणि ते पुढे आले. “आणि हा आपला ताईत. काय लिहिलंय त्यावर? चष्मा नाही आणला मी.”

भाभींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या जमिनीकडे बघत होत्या.

“अरे वा,” गोगटे वाकून म्हणाले, “हे तर फारच मौल्यवान आहे. ऐका हं. मे...”

“ते चुकलंय,” मी म्हणालो.

माझा आवाज इतका मोठा निघाला, की मीच घाबरलो. त्या दालनात वीस वर्षं मी लोकांना हळू बोला म्हणत आलो होतो.

“काय चुकलंय?”

“कार्ड चुकलंय, सर. ते... ते तसं नाही. कुंदाबाई, जरा झाकण धरता?”

कुंदाबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि झाकण धरलं. मी कार्ड काढून हातात उलटं धरलं.

“हा ताईत आहे,” मी म्हणालो. “मुकादमांच्या घराचा.”

गोगटे हसले. “अहो, काय बोलताय? मी मुंबईच्या सिनेगॉगमध्ये व्याख्यानं दिली आहेत. अशी डबी मी ओळखणार नाही? तुम्ही बरोबर लिहिलं होतं.”

“नाही, सर. पुस्तकात चित्र बघितलं आणि लिहून टाकलं. घरच्या माणसांना विचारलंच नाही. माझी चूक.”

“आत बघा ना मग. चामडं असेल.”

“बघितलं. रिकामी आहे.”

गुंडाळी माझ्या खिशात छातीला टोचत होती. हसनभाई माझ्याकडे बघत होते, अगदी स्थिर, समुद्राकडे बघावं तसे.

“कमाल आहे,” गोगटे बाकीच्यांकडे वळून म्हणाले. “पुस्तकं राखणं वेगळं आणि वाचणं वेगळं, ते हे असं!”

लोक हसले. आमचे अध्यक्ष सगळ्यांत मोठ्याने हसले. वामन कोळीही हसला, बाकीचे हसतायत म्हणून. कुंदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढे एक कोरं कार्ड आणि बोरू ठेवला. मी सगळ्यांसमोर उभ्याउभ्याच लिहिलं, ‘ताईत. मुकादम यांच्या घराचा.’ ‘घ’वर शाई सांडली.

इब्राहिमभाईंनी काचेवर बोटं टेकवली आणि डोळ्यांना लावली.

“मी मघापासून तेच सांगतोय ना, ताईत आहे म्हणून,” ते भावाला म्हणाले. “शिकलेली माणसं कुणाचं ऐकत नाहीत.”

“खरं आहे,” हसनभाई म्हणाले.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या साप्ताहिकात गोगट्यांचा लेख आला. प्रदर्शनाचं कौतुक होतं. शेवटी एक ओळ होती, की माहितीपत्रांतील काही ढोबळ चुका जाणकारांच्या सल्ल्याने टाळता आल्या असत्या. अध्यक्षांनी तो अंक वाचनालयाच्या फळ्यावर लावला. मी तो महिनाभर रोज येता-जाता वाचत होतो. खोटं कशाला बोलू, लागलं मला. माझ्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. आधीचं कार्ड मी फाडलं नाही. ते अजून माझ्याकडे आहे. त्यात एकही चूक नाही.

पण ते नंतरचं. बुधवारी सकाळी मी डबी परत द्यायला इस्राएल आळीत गेलो, तेव्हा माझा जीव वेगळ्याच गोष्टीने खालीवर होत होता. ती गुंडाळी मला परत आत घालता येत नव्हती. किती प्रयत्न केले, पण मी गुंडाळली की ती सैल पडे आणि डबीत शिरत नसे. फाटेल या भीतीने मी वर्तमानपत्राच्या घडीत घालून ती खिशात ठेवली होती. खतीजाभाभी एकट्या भेटतील, त्यांच्या हातात देईन आणि माफी मागेन, असं ठरवून गेलो.

दारात हसनभाई हातोडी घेऊन उभे होते. चौकटीपाशी स्टूल मांडलेलं होतं.

“या. तुमचीच वाट बघत होतो.”

मी डबी पुढे केली. त्यांनी ती कानाशी नेऊन हलवली, मग हात पसरला.

“आतलं द्या.”

“आतलं?”

“टिपणीस, मी उघडू नका म्हटलं तेव्हाच तुमच्या तोंडावरून कळलं, हा उघडणार. द्या. रिकामी डबी लावून काय करू?”

मी घडी काढून दिली. माझे कान तापले होते. त्यांनी गुंडाळी मांडीवर उलगडून क्षणभर बघितली, बोटं सदऱ्याला पुसली, आणि डाव्या टोकाकडून ती गुंडाळत आणली. दोर वळायची सवय असलेली जाड बोटं, पण गुंडाळी अशी घट्ट वळली गेली, की आत घातली तेव्हा कडेला लागलीसुद्धा नाही.

“तुम्हाला...” मी म्हणालो.

“किल्ली दिली त्या दिवशी शालोमचाचांनी सगळं सांगितलं होतं. काय आहे, आत काय लिहिलंय. म्हणाले, हसन, हे काढूनच न्यायला हवं, तसा आमचा कायदा आहे. मी म्हटलं, काढा. मग पोरगी रडायला लागली. आणि ही तिच्याजवळ उभी. मी मागच्या दारात होतो, हिला दिसलोच नाही. नंतर चाचांना बाजूला घेऊन म्हटलं, राहू दे, मी सांभाळतो. तेव्हा त्यांनी मला हे वळायला शिकवलं.”

“पण भाभींना तर वाटतं...”

“ठाऊक आहे मला काय वाटतं ते.” त्यांनी आत बघितलं. स्वयंपाकघरातून कपबश्यांचा आवाज येत होता. “संध्याकाळी मी मचव्यावरून आलो, तर ही मला सांगते, ताईत आहे, घराला लाभतो. इतकी घाबरली होती. म्हटलं, असू दे, ताईत तर ताईत. मग सांगायचं राहूनच गेलं.” ते स्टुलावर चढले. “त्या दिवशी तुम्ही रिकामी म्हणालात, तेव्हा मला वाटलं, टाकून दिलंत की काय. खिळा द्या.”

मी खिळा दिला. जुन्याच भोकात तो बसला.

“आणि इब्राहिमभाई?” मी विचारलं.

“त्याला काय? त्याला ताईतच आहे तो.” त्यांनी दुसऱ्या खिळ्यासाठी हात खाली केला. “हिला बोलू नका हां काही.”

“नाही.”

“तसं तुम्हाला येतं खोटं बोलायला. त्या प्राध्यापकासमोर बरं जमलं.”

मला हसू आलं, आणि मग ते आवरेना. तेही स्टुलावर हसत होते, हातोडी छातीशी धरून. खतीजाभाभी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग चौकटीकडे.

“काय झालं एवढं हसायला?”

“टिपणीसांना खिळा धरता येत नाही,” हसनभाई म्हणाले.

भाभींनी ट्रे माझ्या हातात दिला, पुढे होऊन बोटांची टोकं डबीला लावली आणि ओठांपाशी नेली.

“बसला का नीट ताईत?”

“बसला,” हसनभाई म्हणाले.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

“बसला, भाभी,” मी म्हणालो.